रिपोर्टापूर्वीचे सहा दिवस

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षातील गोष्ट. रात्रीचे साडेआठ वाजले असतील. आमच्या रामबागेतल्या घराची कडी वाजली म्हणून दार उघडले, तो शेजारचे भाऊजी उभे. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत काचेची एक लहानशी बाटली. त्यांच्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे आम्हां सर्वांच्या अण्णांच्या, गालाच्या आतल्या बाजूस दोन महिने एक जखम भरून येत नव्हती. तंबाखूची सवय जुनी. त्या दिवशी डॉक्टरांनी जखमेचा हरभऱ्याएवढा तुकडा काढला होता आणि 'उद्या सकाळी लॅबमध्ये नेऊन द्या' असे सांगून दवाखान्यातील माणसाने तो बाटलीत घालून भाऊजींच्याच हाती दिला होता.

"ताई, एवढे एक सांगा," भाऊजी म्हणाले, "ही बाटली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवू ना? वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर खराब होणार नाही, असे हिचे म्हणणे."

मी बाटली दिव्यासमोर धरली. तुकडा जेमतेम बुडेल एवढेच द्रावण तिच्यात होते. नाव बाटलीवर नव्हते, झाकणावर होते. तेही बॉलपेनने लिहिलेले आणि अर्धे पुसलेले. झाकण दुसऱ्या बाटलीला लागले की अण्णांचा तुकडा दुसऱ्या कोणाचा व्हायला किती वेळ? भाऊजींना मी तशीच पावली परत पाठविले. तासाभराने रुंद तोंडाची बाटली, तिच्यात पुरेसे द्रावण, आणि बाटलीच्या अंगावर नाव, वय, तारीख व तुकडा काढल्याची वेळ लिहून घेऊन ते आले. रात्रभर ती बाटली त्यांच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात राहिली. फ्रीजमध्ये नाही.

वाचकहो, ज्या विद्येच्या आधारे मी हा सल्ला दिला, त्या विद्येत माझी पस्तीस वर्षे गेली. १९८७ साली मी येथील एका रुग्णालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले आणि २०२२ साली निवृत्त झाले. हिस्टोपॅथॉलॉजी म्हणजे शरीरातील ऊतींच्या, म्हणजे पेशीसमूहांच्या, विकृतींचा सूक्ष्मदर्शकाखाली होणारा अभ्यास. परंतु एवढ्या वर्षांत 'तुम्ही नेमके काय करता?' ह्या प्रश्नाचे उत्तर मला चारचौघांत नीट देता आले नाही. 'लॅबमध्ये आहे' म्हटले की लोक रक्त घेण्यासाठी बाही वर करीत! अण्णांच्या त्या बाटलीने मात्र मला दोनदा उत्तर देण्यास भाग पाडले. पहिल्यांदा वहिनींनी विचारले म्हणून, आणि दुसऱ्यांदा त्यांच्या सईने विचारले म्हणून.

एवढ्याशा तुकड्याला सहा दिवस?

चौथ्या दिवशी वहिनींचा धीर सुटला. "रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येतो, आणि ह्या एवढ्याशा तुकड्याला सहा दिवस? ताई, तिथे कोणी काम करते की नाही?"

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारले असते. घरात कोणाची बायोप्सी झाली की त्या घरातील घड्याळ जणू थांबते. म्हणून त्या सहा दिवसांत काय घडते हे वाचकांनाही सांगावेसे वाटते.

शरीरातून वेगळा झालेला तुकडा त्या क्षणापासून नासू लागतो. पेशींतील पाचक द्रव्ये त्या पेशींनाच खाऊ लागतात. हे थांबविण्यासाठी तो ताबडतोब फॉर्मॅलिनमध्ये घालावा लागतो. फॉर्मल्डिहाइड वायूचे पाण्यातील हे द्रावण. आम्ही जे 'दहा टक्के फॉर्मॅलिन' म्हणतो त्यात प्रत्यक्ष फॉर्मल्डिहाइड चार टक्क्यांच्या आसपास असते. ह्याचा शोध मोठा गमतीचा आहे. १८९३ साली जर्मनीत फर्डिनांड ब्लूम हे डॉक्टर जंतुनाशक म्हणून ह्या द्रावणाची परीक्षा करीत असता, त्यांच्या स्वतःच्याच बोटांची कातडी ताठर झालेली त्यांना दिसली. जे जिवंत बोटांना ताठर करते ते काढलेल्या ऊतीलाही टिकवून धरील, हे त्यांनी ओळखले. आज जगभर बहुतेक सर्व बायोप्सी ह्याच द्रावणात पडतात.

फॉर्मॅलिन तुकड्यात शिरते, पण सावकाश. ढोबळ मानाने तासाला एक मिलिमीटर. आणि ते तुकड्याच्या निदान दहापट असावे लागते. द्रावण कमी पडले किंवा वेळ अपुरा झाला तर बाहेरचा थर टिकतो आणि आतला गाभा नासतो. घरच्या बर्फाच्या कप्प्यात तर वेगळाच अनर्थ होतो. पेशींतील पाण्याचे स्फटिक बनतात आणि पेशी फुटतात. गोठलेली काकडी बाहेर काढल्यावर कशी पाणी सुटून लिबलिबीत होते, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. शस्त्रक्रिया चालू असतानाच निदान हवे असते तेव्हा प्रयोगशाळेतही ताजा तुकडा गोठवितात. परंतु तो फॉर्मॅलिनमध्ये न घालता, खास यंत्रात, शून्याखाली वीस अंशांच्या आसपास आणि अतिशय वेगाने गोठविला जातो. घरच्या फ्रीजला ते साधत नाही.

फॉर्मॅलिनमध्ये स्थिरावलेल्या तुकड्याची डॉक्टर पाहणी करतात, त्याचे मोजमाप लिहून घेतात, आणि तीन-चार मिलिमीटर जाडीचा भाग क्रमांक घातलेल्या जाळीदार डबीत ठेवतात. येथून माणसाचे नाव मागे पडते आणि क्रमांक पुढे चालू लागतो. हा क्रमांक चुकला तर पुढचे सारे कौशल्य व्यर्थ.

आता हा मऊ तुकडा कापायचा कसा? मऊ लोणी पातळ कापता येत नाही. त्याला आधार हवा, आणि तो आधार म्हणजे मेण. १८६९ च्या सुमारास क्लेब्स ह्या जर्मन शास्त्रज्ञाने पॅराफिन मेणाचा असा उपयोग केला, तो आजही चालू आहे. पण ऊतीत पाणी भरलेले, आणि पाण्याचे व मेणाचे जमत नाही. म्हणून आधी अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांवरून तुकडा नेऊन त्यातील पाणी काढायचे. मग झायलीन ह्या द्रव्याने अल्कोहोल काढायचे. आणि झायलीनची जागा साठेक अंशांवर वितळलेल्या मेणाने घ्यायची. हा प्रवास यंत्रात रात्रभर चालतो. घाई केली तर तुकड्याच्या पोटात पाणी राहते, आणि दुसऱ्या दिवशी सुरीखाली तो चुरगळतो. गेलेला तुकडा परत मिळत नाही. रुग्णाला दुसऱ्यांदा टाचणीसुद्धा टोचणे जड, तेथे दुसऱ्यांदा तुकडा कोण काढू देणार?

सकाळी तो तुकडा साच्यात ठेवून त्यावर मेण ओततात. येथे माणसाची नजर लागते. आळूवडीचा उंडा आडवा कापला तरच त्याचे पदर दिसतात; वरवर सोलला तर एकच पान हाती येते. अण्णांच्या गालाचा तुकडाही असा उभा बसवावा लागतो की, वरच्या त्वचेपासून खालच्या मांसापर्यंत सर्व थर एका छेदात यावेत. रोग वरच्याच थरात आहे की खाली उतरला आहे, ह्यावर तर सारे अवलंबून! तुकडा आडवा बसला तर जगातील कोणत्याही निष्णात डॉक्टरला ते सांगता येणार नाही.

त्यानंतर मायक्रोटोम. हे कापण्याचे यंत्र. हाताने चाक फिरविले की मेणाचा ठोकळा सुरीवरून खाली उतरतो आणि एक पापुद्रा सुटतो. त्याची जाडी तीन ते चार मायक्रॉन. एका मिलिमीटरात असे अडीचशे पापुद्रे बसतील. पापुद्र्याला पापुद्रा चिकटून फीत निघते, ती कोमट पाण्याच्या भांड्यावर अलगद सोडायची, सुरकुत्या उलगडू द्यायच्या आणि काचपट्टीवर उचलून घ्यायची. ह्या वेळी वाऱ्याची झुळूक चालत नाही, की फीत उडालीच. इंदूरच्या वैशाखात पंखा बंद करून, ठोकळा बर्फावर थंड करीत, श्वास आवरून बसलेल्या तंत्रज्ञाचे चित्र वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे. मी नोकरीस लागले तेव्हा पोलादी सुरीला आम्हीच धार लावीत असू. आता एकदा वापरून टाकण्याची पाती आली आहेत. हात मात्र तोच लागतो.

पापुद्रा पारदर्शक असतो. त्यात काही दिसण्यासाठी रंग हवा. आमचा मुख्य रंग हिमॅटॉक्सिलीन. मेक्सिकोच्या कांपेचे प्रांतातील एका झाडाच्या गाभ्यापासून तो निघतो. पण नुसता तो ऊतीला धरत नाही. त्याला तुरटीसारख्या क्षाराची जोड द्यावी लागते. धार जिल्ह्यातील बाघचे छापील कापड आपल्यापैकी अनेकींच्या कपाटात असेल. तेथील रंगारी लाल रंग पक्का बसावा म्हणून तुरटीच वापरतात. आमची विद्या त्यांच्याच नात्यातली! ह्या रंगाने पेशीचे केंद्रक आधी तांबूस जांभळे होते, आणि किंचित अल्कधर्मी पाण्यात धुतले की निळे होते. आमच्या विभागात हे काम नळाला येणारे नर्मदेचे पाणी करी. मग इओसिन नावाच्या गुलाबी रंगात बुडवायचे. त्याचे नाव ग्रीक भाषेतील उषेवरून आले आहे. निळी केंद्रके आणि गुलाबी पार्श्वभूमी, एवढ्या दोन रंगांवर आजही बहुतेक निदाने होतात.

काचपट्टी डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचण्यास अशा रीतीने दोन-तीन दिवस सहज जातात. तुकड्यात हाड असेल तर आधी त्यातील चुना विरघळवावा लागतो, त्यास आणखी काही दिवस. अण्णांच्या बाबतीत संशयाची जागा अगदी कडेला होती. म्हणून डॉक्टरांनी आणखी खोलवरचे छेद मागविले. त्यामुळे चाराचे सहा दिवस झाले. "कोणी काम करीत नाही म्हणून नव्हे हो वहिनी," मी म्हटले, "कोणी काळजीने काम करीत आहे म्हणून उशीर होतो आहे."

ठोकळ्याचा प्रवास

रिपोर्ट आला. कर्करोगच होता, पण लहान आणि वेळीच सापडलेला. घरात बैठक बसली आणि मुंबईस टाटा हॉस्पिटलमध्ये दुसरे मत घ्यावे असे ठरले. आपल्या इकडील किती घरांनी अशी अवंतिका एक्स्प्रेसची तिकिटे काढली असतील!

१९४१ साली परळला सुरू झालेल्या त्या रुग्णालयात प्रयोगशाळेची घडी बसविली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. त्यांचा जन्म १८९५ सालचा, क्वेट्टा येथला. म्हणजे तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर जन्मलेले मराठी. तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग ह्यांचा संबंध तपासणाऱ्या आपल्या देशातील आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. ते १९७८ साली गेले, पण अण्णांसारख्यांची बायोप्सी आजही त्यांनी आखलेल्या वाटेनेच जाते.

मुंबईस जाताना लोक रिपोर्टाचा कागद नेतात आणि मेणाचा ठोकळा विसरतात. खरे तर तेथील डॉक्टरांना कागदापेक्षा ठोकळा आणि काचपट्ट्या अधिक उपयोगाच्या. ठोकळ्यातून पुन्हा छेद काढता येतात, नव्या तपासण्या करता येतात. म्हणून पहिल्या प्रयोगशाळेत अर्ज करून दोन्ही मागून घ्यावे. ठोकळ्यावरील क्रमांक आणि रिपोर्टावरील क्रमांक एकच आहे ना, हे तेथेच उभे राहून ताडून पाहावे. काचपट्ट्या त्यांच्या खास डबीत ठेवाव्यात. आणि उन्हाळ्यात ठोकळा मोटारीच्या काचेपाशी किंवा सामानाच्या डिकीत ठेवू नये, मेण मऊ पडते. घेतलेल्या ठोकळ्याची पावती जपावी आणि काम झाल्यावर तो परत करावा.

बाटली घरच्यांच्या हाती दिली गेली तर? झाकणावर नव्हे, बाटलीच्या अंगावर नाव लिहून घ्यावे. तुकडा काढल्याची वेळ नोंदवून घ्यावी. द्रावण पुरेसे आहे ना, हे विचारावे. डॉक्टरांनी दिलेले द्रावण आपल्या बुद्धीने बदलू नये. साधे पाणी, सलाइन किंवा स्पिरिट त्यात घालू नये. काही तपासण्यांना फॉर्मॅलिन मुळीच चालत नाही. क्षयाच्या जंतूंची वाढ करून पाहावयाची असेल तर फॉर्मॅलिन त्या जंतूंनाच मारून टाकते. म्हणून कोणती बाटली कशासाठी, हे नीट समजून घ्यावे. स्तनाच्या कर्करोगात तर तुकडा फॉर्मॅलिनमध्ये निदान सहा तास आणि फार तर बहात्तर तास असावा, असा दंडक आहे. तो पाळला गेला नाही तर संप्रेरकांच्या आणि हर-टू ह्या प्रथिनाच्या तपासण्या चुकू शकतात; आणि कोणते औषध लागू पडेल हे त्या तपासण्यांवरच ठरते.

एका दुपारची चूक

अण्णा शस्त्रक्रियेनंतर सुखरूप घरी आले. त्यानंतर एके संध्याकाळी सई माझ्याकडे आली. बारावीचे वर्ष, जीवशास्त्र तिच्या आवडीचे. "मावशी, तुमचे काम मला शिकावेसे वाटते. पण आई म्हणते, त्यात पुढे काय?"

तिला मी आधी फायदे सांगितले नाहीत. १९९१ च्या उन्हाळ्यातील एक दुपार सांगितली.

त्या दिवशी माझ्या मुलाला ताप होता आणि मला लवकर घरी जावयाचे होते. ठोकळ्यामागून ठोकळा मी कापीत होते. एका रुग्णाच्या वाढलेल्या कर्करोगाचा ठोकळा झाला, त्यानंतर एका तरुण स्त्रीच्या स्तनातील गाठीचा. दोन ठोकळ्यांच्या मध्ये पाण्याच्या भांड्यावरून टिपकागद ओढून पाणी स्वच्छ करावयाचे असते. ते मी केले नाही. आधीच्या ठोकळ्याचा तिळाएवढा कण पाण्यावर तरंगत राहिला आणि त्या तरुणीच्या छेदाला चिकटून काचपट्टीवर चढला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावले. गाठ साधीच दिसत होती. पण एका कडेला कर्करोगाच्या पेशींचा लहानसा पुंजका होता. आणि तो बाकीच्या छेदाशी जुळत नव्हता. जणू दुसऱ्या घरातील भांडे आपल्या मांडणीत आलेले. शस्त्रक्रियेची तारीख सोमवारची ठरलेली होती. डॉक्टरांनी मान वर करून एवढेच विचारले, "बाई, ह्या ठोकळ्याआधी पाणी पुसले होते का?"

खरे सांगते, 'हो' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. नोकरीला चारच वर्षे झाली होती. खोलीत तिसरे कोणी नव्हते आणि भांडे कोणी पाहिले नव्हते. मी 'पुसले' म्हटले असते तर डॉक्टरांनी कदाचित तरीही पुन्हा छेद मागविले असते, कदाचित नसतेही. मी म्हटले, "नाही, साहेब. राहिले."

आम्ही त्याच ठोकळ्यातून खोलवर दहा छेद घेतले. त्या पेशींचा कोठेही मागमूस नव्हता. त्या तरुणीचा रिपोर्ट साध्या गाठीचा गेला, आणि सोमवारी फक्त गाठ काढून तिला घरी पाठविले. तिला ह्यातले काही कळले नाही, कळण्याचे कारणही नव्हते. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी वहीत तारीख घालून घडले ते लिहिले, माझी सही घेतली, आणि प्रत्येक ठोकळ्यानंतर पाणी पुसण्याचा नियम भिंतीवर लावला. त्यानंतरच्या एकतीस वर्षांत मी ते एकदाही विसरले नाही.

"सई," मी म्हटले, "ह्या कामात हाताचे कसब दोन वर्षांत येते. पण कोणी पाहत नसताना पाणी पुसायचे, आणि पुसले नसेल तर तसे सांगायचे, हे ज्याला जमत नसेल त्याने इकडे येऊ नये."

पुढे काय?

वहिनींच्या प्रश्नालाही उत्तर देणे भाग होते. तेही मी गोड करून सांगितले नाही.

रिपोर्टावर तंत्रज्ञाचे नाव नसते. रुग्ण त्याला कधी पाहत नाही. पुष्कळ ठिकाणी नेमणूक कंत्राटी असते आणि बढतीची पायरी एक-दोनच असतात. मान, खांदे आणि मनगटे दुखतात. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, झायलीनने डोके दुखते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले आहे. तेव्हा नोकरीच्या मुलाखतीत पगाराबरोबरच आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: हवा ओढून घेणारी व्यवस्था आहे का, ती चालू असते का, आणि हातमोजे व मुखवटा मिळतो का. मूल होण्याच्या काळात काम बदलून मिळेल का, हे विचारण्यातही संकोच करू नये. आमच्या पिढीने हे विचारले नाही, ही आमची चूक.

आता दुसरी बाजू. बारावीनंतर वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्राची पदविका किंवा पदवी घेता येते. कित्येक वर्षे ह्या क्षेत्राला देशपातळीवर एक नियम नव्हता. कोणीही खोली भाड्याने घेऊन प्रमाणपत्रे वाटावीत, अशी स्थिती होती. २०२१ साली संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात पदविकेच्या पातळीस निदान दोन हजार तासांचे आणि व्यावसायिक पदवीच्या पातळीस निदान छत्तीसशे तासांचे शिक्षण ठरविले आहे, आणि व्यावसायिकांच्या नोंदणीची तरतूद केली आहे. प्रवेश घेण्यापूर्वी संस्था मान्यताप्राप्त आहे का, तिच्या विद्यार्थ्यांची राज्याच्या परिषदेत नोंदणी होते का, आणि तिला प्रत्यक्ष काम शिकविणारे रुग्णालय जोडलेले आहे का, हे पालकांनी समक्ष जाऊन पाहावे. मायक्रोटोमला हात न लावता मिळालेले प्रमाणपत्र कागदच राहते.

काम रुग्णालयांतच असते असेही नाही. नवे औषध माणसाला देण्यापूर्वी ते प्राण्यांच्या अवयवांवर काय परिणाम करते हे पाहावे लागते. त्यासाठी औषध-संशोधनाच्या प्रयोगशाळांना उत्तम छेद कापणारे हात हवे असतात. वडोदरे आणि हैदराबाद येथील आपल्या वाचकांना हे ठाऊक असेल. पशुवैद्यकाला आणि न्यायवैद्यकालाही ही विद्या लागते. आणि बहुधा रात्रपाळी नसते, ही गोष्ट वहिनींना सर्वांत आवडली!

"पण मावशी, आता संगणकच निदान करणार म्हणतात," सई म्हणाली. खरे आहे, काचपट्टीचे संपूर्ण चित्र टिपून संगणकाकडे देण्याची पद्धत वाढते आहे. रंगविण्याचे आणि मेण भरण्याचे काम तर यंत्रे केव्हापासून करीत आहेत. परंतु छेदाला घडी पडली असेल तर संगणकालाही घडीच दिसते. तुकडा उलटा बसविला असेल तर तो सुलटा करून पाहण्याची शक्ती कोणत्याही यंत्रात नाही.

२०२१ च्या वैशाखाची आठवण मला नेहमी येते. करोनातून उठलेल्या रुग्णांना काळ्या बुरशीने गाठले होते. नाकातील आणि जबड्यातील तुकडे रोज येत. औषध महाग, दुर्मिळ आणि मूत्रपिंडांना जड. म्हणून निदान पक्के हवे आणि लवकर हवे. नेहमीच्या दोन रंगांबरोबर बुरशीची भिंत दाखविणारी किरमिजी आणि चांदीची रंजने आम्ही करीत होतो. चांदीच्या रंजनात हिरवट पार्श्वभूमीवर बुरशीचे रुंद काळे तंतू उमटत. रिपोर्टाची वाट पाहणारे नातेवाईक खाली अंगणात झाडाखाली बसलेले असत. आम्ही त्यांना खिडकीतून पाहत होतो. आम्ही कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या दिवसांत कोणीही घरी लवकर गेले नाही.

सईने ह्या वर्षी पदवीच्या वर्गात नाव घातले. अण्णांनी तंबाखूची डबी तिच्याच हातून कचऱ्यात टाकविली. गेल्या रविवारी तिचा फोन आला. तिच्या महाविद्यालयात हौशी मुलांना जुन्या मायक्रोटोमवर सरावाला बसू देतात.

"मावशी, आज पहिल्यांदा अखंड फीत निघाली! सात छेद, एकही तुटला नाही!"

तिच्या आवाजातील आनंद मला ओळखीचा होता. १९८७ च्या श्रावणात माझी पहिली फीत निघाली, तेव्हा मीही घरी जाऊन आईला असेच सांगितले होते. आणि तिला त्यातले काही न कळताही तिने देवापुढे साखर ठेवली होती.

"शाबास," मी म्हटले. "आणि नंतर पाणी पुसलेस ना?"

पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही.

"नाही, मावशी. राहिले."

"मग आधी ते पुसून ये," मी म्हटले, "आणि मग सगळे सांग."